कोळशाचं तेल आणि बुडबुड्यांची वाट

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांची संपत्ती खाणींच्या व्यवसायातली. 1930 च्या मृत्युपत्रात त्यांनी सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले. त्यातून 1942 साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि आमच्यासारखी कितीतरी मुलं तिथे केमिकल इंजिनिअरिंग शिकली. त्यामुळे कामठी, इंदर, गोंडेगावच्या खाणींतला कोळसा कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे जाताना दिसला, की या कोळशाचं जाळण्यापलीकडे काय होईल, हा विचार मनात येतोच.

त्याचं तेल होतं, हे फ्रीडरिश बर्गियस यांनी 1913 च्या सुमारासच दाखवलं आणि त्यांना 1931 चं नोबेल मिळालं. कोळशाची भुकटी तेलात कालवायची, साडेचारशे अंशांपर्यंत तापवायची आणि दोनशे वातावरणांच्या आसपास दाबाखाली तिच्यात हायड्रोजन सोडायचा. रसायनशास्त्र इतकं जुनं आहे. खरी अडचण हे सगळं ज्या उंच मनोऱ्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, घडतं, त्यातल्या प्रवाहाची. घन, द्रव आणि वायू तिथे एकाच वेळी नांदतात आणि तिघांची चाल वेगळी असते.

हे पाहायला दाब किंवा उष्णता लागत नाही. पारदर्शक उभी नळी, पाणी आणि खालून सोडलेली हवा एवढं पुरतं. हवा कमी असताना काही मिलिमीटरचे बुडबुडे सावकाश, एकसारखे वर येतात. झडप आणखी उघडली की ते एकमेकांत मिसळतात, मोठे फुगे मधून वेगाने निघून जातात आणि पाणी ढवळून पांढुरकं दिसू लागतं. मग भिंतीजवळ नीट पाहावं: तिथले बारीक बुडबुडे चक्क खाली जात असतात. मधून वर चढलेलं पाणी कडेने परतताना त्यांना सोबत नेतं. मला हे दृश्य आजही खिळवून ठेवतं.

नळीत भुकटी टाकली आणि हवा कमी पडली, तर जाड कण तळाशी बसतात. रिअ‍ॅक्टरमध्ये त्या थराला हायड्रोजन पोचत नाही, उष्णता साचते आणि कोक धरतो. पिठलं ढवळलं नाही की बुडाला लागतं, तसंच. हवा फार झाली, तर मोठे फुगे काम न करताच निसटतात.

शिवाय अरुंद नळीत मोठा फुगा भिंतींनी अडतो, रुंद मनोऱ्यात मोकळा सुटतो. म्हणून प्रयोगशाळेतले आकडे कारखान्यात तसेच लागू होत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी) ज्येष्ठराज जोशी आणि मनमोहन शर्मा यांनी 1979 मध्ये मधून वर आणि कडेने खाली फिरणाऱ्या या प्रवाहाचं गणिती प्रारूप मांडलं, ते जगभर वापरलं गेलं. आपल्याकडची ही विद्या आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

इथल्या कोळशात राख फार. ती विरघळत नाही, दाब उतरवणाऱ्या झडपा खरवडते. म्हणून आधी कोळशाचा वायू करून मग तेल करणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. त्या वाटेवरही बुडबुडे चुकत नाहीत: दक्षिण आफ्रिकेत सॅसोलने 1993 मध्ये पाच मीटर व्यासाचा स्लरी रिअ‍ॅक्टर चालू केला, त्यात वायू, द्रव मेण आणि उत्प्रेरकाची पूड एकत्र असतात.

केंद्राने 2024 मध्ये कोळशापासून वायू करण्यासाठी 8,500 कोटी रुपये मंजूर केले. त्यातला छोटासा वाटा नागपुरात, निरनिराळ्या रुंदीच्या साध्या नळ्या उभारायला मिळावा. त्यांत इथल्याच कोळशाची भुकटी आणि राख घालून गाळ कोणत्या वेगाला उचलला जातो, बुडबुडे कुठे फुटतात, कुठे जुळतात, याची मोजमापं मुलांनी घ्यावीत. परदेशी यंत्रांच्या आराखड्यांत आपल्या राखेचे आकडे नसतात.