परवाना आणि परवानगी

भुवया कायमच्या रंगवून घेणे जायज आहे काय, हा प्रश्न आमच्या समाजात मौलानांना विचारला जातो. ज्या हातात सुई आहे तो हात शिकलेला आहे काय, हा प्रश्न मात्र कोणी कोणाला विचारीत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याची गरजच उरली नाही, असे आपण धरून चालतो. आम्हांला हे धरून चालणे तपासावेसे वाटते.

ज्याला पर्मनंट मेकअप म्हणतात ते मुळात गोंदणच आहे. मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांची ओळ बसवलेले पेनासारखे हत्यार भुवईवर ओढतात. केसाएवढी चीर पडते, त्या चिरेत रंग भरतात. तो वरच्या कातडीखालच्या थरात जाऊन बसतो, म्हणून धुतल्याने निघत नाही. काही वर्षांत फिका पडतो, तेव्हा ‘पर्मनंट’ हे नावही पुरते खरे नाही. पण सुईबरोबर आत गेलेला रोग रंगासारखा फिका पडत नाही. सुई निर्जंतुक नसेल तर हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, क्वचित एचआयव्हीही एका बाईच्या भुवईतून दुसरीच्या भुवईत जाऊ शकतो. रंगाचीही खात्री नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००३-०४ च्या सुमारास अशा रंगांच्या काही ठरावीक छटांबद्दल १५० हून अधिक तक्रारी आल्या होत्या. सूज, भेगा, गाठी, व्रण असे त्यांचे स्वरूप होते. लेसरने रंग काढू म्हटले तर कातडीच्या वर्णाचे किंवा पांढरट रंग कधी कधी उलट काळे पडतात.

गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या, अशा दोघींचाही धिक्कार करणारी हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. बहुसंख्य उलेमा त्यावरूनच निर्णय देतात. तो वाद उकरणे हे आमचे काम नव्हे, तेवढा अधिकारही नाही. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. मनाई असूनही मुली जातात. निकाह महिन्यावर आलेला असतो, कोणाच्या भुवया आजारपणात गळालेल्या असतात. मग पार्लरच्या मागच्या खोलीत, नाहीतर ‘घरी येऊन करून देते’ म्हणणाऱ्या बाईकडून, अम्मीला न सांगता काम उरकले जाते. आठ दिवसांनी भुवई सुजते, पू होतो. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे जावे तर ते अब्बांचे दोस्त. तक्रार करावी तर पहिला सवाल येणार, ‘गेलीसच कशाला?’

हा सवाल ऐकायला धार्मिक वाटतो, पण त्यात एक मोठी सूट दडलेली आहे. ती सूट सुईवाल्या बाईला मिळते. रमजानमध्ये कोणी रोजा न ठेवता हॉटेलात जेवला आणि त्याला विषबाधा झाली, तर रोज्याचा हिशेब त्याचा आणि अल्लाहचा. शिळे मांस वाढणाऱ्याचा हिशेब त्यामुळे मिटला काय? शरीर ही अमानत आहे असे आपण मुलांना शिकवतो. एका चुकीने अमानत रद्द होते, असे तर कोणी शिकवीत नाही.

गंमत अशी की आपल्या जुन्या ग्रंथांना हा दुसरा प्रश्न चांगला ठाऊक होता. ज्याचे वैद्यकीचे ज्ञान कोणाला माहीत नाही त्याने इलाज केला आणि इजा झाली तर तो ‘जामिन’, म्हणजे भरपाईला बांधलेला, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. आपल्या कोर्टकचेरीतला ‘जामीन’ हा शब्द त्याच घराण्यातला. बाराव्या शतकात शाममधील शैजरी यांनी बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबासाठी एक ग्रंथ लिहिला. त्यात शीर कापून रक्त काढणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अशा कारागिराने बीटाच्या पानांवरील शिरा कापून हात बसवावा, पालकाच्या संमतीविना लहान मुलाचे रक्त काढू नये, असे त्यात सांगितले आहे. आजही मायक्रोब्लेडिंग शिकवताना आधी नकली कातडीवर सराव करून घेतात. चांगल्या ठिकाणी, एवढेच. दोन-तीन दिवसांच्या वर्गातले प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या ठिकाणी काय होते, ते विचारायला आज मुहतसिब नाही.

पार्लरच्या भिंतीवर गुमास्ता असतो. तो दुकानाचा कागद, हाताचा नव्हे. या कामासाठी देशभर लागू असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘परवाना मागणे म्हणजे नाजायज कामाला परवानगी देणेच की!’ आक्षेप हलका नाही. राज्याचा शिक्का बसला की गोष्ट प्रतिष्ठित होते, हे खरे आहे. पण मनाईने काय साधते, हेही पाहायला हवे. दक्षिण कोरियात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोंदणे हे वैद्यकीय कृत्य ठरवले. डॉक्टरखेरीज कोणी ते केले तर गुन्हा. तिथे कारण धर्माचे नव्हते, सुरक्षिततेचेच होते. तरी भुवया रंगवण्याचा धंदा तीस वर्षे आडोशाला फोफावत राहिला. गुन्हाच म्हटल्यावर त्या कारागिरांची परीक्षा कोण घेणार, सुया कोण तपासणार? अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने परीक्षा आणि परवान्याचा कायदा संमत केला आणि अंमलासाठी दोन वर्षांची मुदत ठेवली. परवान्याने गोंदण चांगले ठरत नाही. बिघडले तर कोणाला धरायचे, ते मात्र ठरते. (उर्दूत परवाना म्हणजे पतंगही. दिव्यावर जाणाऱ्या त्या बिचाऱ्याची आठवण आम्हांला हे लिहिताना वारंवार झाली.)

आणि हिजामाचे काय? ती सुन्नत, म्हणून आपण निर्धास्त. शिकलेले हकीम ती नीट करतात; पण गल्लीतल्या खोलीत कोणी पाते फिरवत असेल तर ते नवे आहे का, पाकीट आपल्यासमोर फोडले का, हे विचारताना आपल्याला संकोच वाटतो. एकीकडे काम नेक म्हणून विचारायचे नाही, दुसरीकडे काम वाईट म्हणून विचारायचे नाही. कावीळ दोन्हीकडून येते.

म्हणून आम्ही आमच्या मोठ्या विद्यार्थिनींना आणि त्यांच्या आयांना आमचे मत सांगतो, आणि तिथेच थांबत नाही. सुई सीलबंद होती का, रंग तुझ्यासाठी वेगळ्या वाटीत काढला का, बाटलीवर बनवणाऱ्याचे नाव होते का, मधुमेहाबद्दल कोणी विचारले का, हेही बोलतो. काही आयांना हे आवडत नाही. गेल्यावर एकीने स्पष्टच सांगितले, ‘टीचर, तुम्ही रस्ता दाखवता.’ आम्ही तिला रक्तदानाचे उदाहरण दिले. गोंदवल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही आणि अर्जात तसा प्रश्न असतो. जिने घरात हे लपवले आहे, ती मोहल्ल्याच्या शिबिरात, शेजारी नणंद उभी असताना, त्या रकान्यात काय लिहील?