ताकदपट्टी

सरकार ही मुळात एक भोळी संस्था आहे, असं बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढल्यावर माझं मत झालं आहे. माणूस काय करतो ते तिला दिसत नाही. त्याच्याकडे काय आहे तेवढं दिसतं. म्हणून जे दिसतं त्यावर ती पट्टी बसवते. घर दिसलं की घरपट्टी, नळ दिसला की पाणीपट्टी. आणि एखाद्या इंजिनाच्या पोटात फार जोर आहे असं दिसलं की जी बसते, तिला मी ताकदपट्टी म्हणतो. हा शब्द कायद्याच्या पुस्तकात शोधू नका. तो माझा आहे आणि त्यावर अजून कर नाही.

आता प्रश्न असा, की माणसाने पैसे मोजावेत ते कशाचे? अंगात असलेल्या ताकदीचे, की त्या ताकदीने केलेल्या कामाचे? बी. कॉम.ला आम्हाला अॅडम स्मिथ होता. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीच्या प्रमाणात कर द्यावा, असं त्याने १७७६ साली लिहून ठेवलं आणि आमची पाच मार्कांची सोय केली. ऐपत कशावरून ओळखायची, हा भाग मात्र ऑप्शनला टाकण्याची आमच्या कॉलेजात पद्धत होती.

आमच्या श्रीगोंद्यात या प्रश्नाला चार चाकं आहेत. ती आमच्या गल्लीतल्या नानांच्या दारात उभी असतात. नानांकडे जोंगा आहे. ज्यांनी ही चीज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मूळ निस्सानची लष्करी गाडी; जबलपूरच्या सरकारी कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत तयार होत असे. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ३,९५६ सीसी, ११० अश्वशक्ती. आकाराने लहान हत्ती आणि आवाजाने मोठा. नानांनी ती २००१ साली लष्कराच्या लिलावातून आणली. वर्षाला फार तर आठशे किलोमीटर चालते. लिटरला किती जाते असं विचारलं, की नाना लिंबाच्या भावावर बोलू लागतात.

पण पावसाळ्यात आमच्या काळ्या रानातून वस्तीवर जाणारी वाट एकदा बघा. दुचाकी तर सोडाच, तिथे चिखलात रुतलेली चप्पलसुद्धा माणूस तिच्या नशिबावर सोडून पुढे जातो. अशा वाटेवर रात्री दोन वाजता कुणाला साप चावला, कुणी अडली, की नानांच्या दाराची कडी वाजते. आमच्या भागातली निदान तीन पोरं जोंगाच्या मागच्या बाकावर जन्मायची राहिली, ती केवळ दवाखाना वेळेवर आला म्हणून.

यंदा या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. २०२१ साली नानांनी त्यासाठी सहाशे रुपये भरले होते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारींना पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना दहा हजार. शिवाय पर्यावरण कर. शिवाय थर्ड पार्टी विमा, जो इंजिनाची सीसी बघून ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये होते आणि दीड हजाराच्या वर ७,८९७. विमा म्हणजे कर नव्हे, हे मला कळतं. खिशाला कळत नाही. नानांच्या थोरल्या चिरंजीवांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला : नोंदणीचे वर्षाला दोन हजार, त्यात विमा, भागिले आठशे. पेट्रोलचा थेंब न टाकता किलोमीटरला बारा रुपये! “मोडीत काढा,” असं सांगून ते पुण्याला निघून गेले. नाना तो कागद घेऊन माझ्या काउंटरवर आले.

“भाऊसाहेब, हिशेब बरोबर आहे का?”

हिशेब बरोबर होता. बँकेतल्या माणसाची खरी पंचाईत तिथेच होते.

गाव हे असं, की शिंदे सरदारांशी नातं सांगणारं. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराला तनखा जास्त. म्हणजे त्या काळी एक घोडा बाळगला तर सरकार पैसे देत होतं. आज एकशे दहा बाळगले तर घेतं. याला आपण प्रगती म्हणतो.

अर्थात ही विद्या आपली नव्हे, साहेबाची. विलायतेत १ जानेवारी १९२१ पासून मोटारीला दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर बसला. पण अश्वशक्ती मोजायची कशी? घोडे काही बॉनेटमधून मान बाहेर काढत नाहीत. तेव्हा एक सूत्र वापरलं : सिलिंडरचा व्यास इंचांत मोजा, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. या सूत्राने अमेरिकेच्या फोर्ड मॉडेल टी या गाडीची अश्वशक्ती साडेबावीस निघाली. प्रत्यक्षात बिचारीची होती सुमारे वीस. म्हणजे अंगात नसलेल्या अडीच घोड्यांच्या वैरणीचेसुद्धा पैसे! उलट ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली आठ पौंडांत सुटायची.

पण सूत्रात एक फट होती. सिलिंडरची रुंदी मोजत, उंची मोजत नसत. झालं! विलायतेची इंजिनं पाहता पाहता उंच आणि किडकिडीत झाली. ज्या देशात १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि लोकांनी विटा लावून खिडक्या बुजवल्या होत्या, त्या देशाला यात नवल वाटलं नसावं. हा कर तिथे १९४७ नंतर गेला. फ्रान्समध्ये तर कराची भीती गाडीच्या नावातच उतरली. ‘दोन घोडे’ अशा अर्थाच्या नावाने जी सित्रोएन १९४८ साली लोकांसमोर आली, तिच्यात खरे घोडे होते नऊ. कराच्या वहीत मात्र दोनच!

आपणही मागे नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली आणि २००८ साली एका देशी मोटारीची डिकी मागून छाटून ती चार मीटरच्या आत आणली गेली. आणि शेतीच्या मोटारी? मीटर नसलेल्या पंपाला विजेची आकारणी अश्वशक्तीवर. त्यामुळे आत मोटर साडेसातची आणि बाहेर पाटी पाचची, ही आमच्याकडची जुनी कारागिरी. पुढे २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने मोफत वीज जाहीर केली. साडेसाती सुटते म्हणतात ती अशी! तेव्हापासून ‘माझी मोटर दहाची आहे’ असं छातीठोकपणे सांगणारा शेतकरी मला भेटलेला नाही.

जोंगाच्या बाबतीत मला न्यायाचं काय वाटतं ते सांगतो. धूर निघतो तो गाडी चालल्यावर. उभ्या जोंगाशेजारी धूर निघतो तो फक्त नानांच्या विडीचा. रस्ता झिजतो तो चालल्यावर. आणि चाललं की पेट्रोल लागतंच, त्यावर कर आहेच, आणि जोंगा तो इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरते. इतका चोख मीटर असताना ताकदीवर आणि वयावर वेगळी पट्टी कशाला? इटलीत मोटारीच्या १८५ च्या वरच्या दर किलोवॉटमागे वीस युरोंचा जादा कर आहे. पण गाडी म्हातारी होईल तसा तो उतरत जातो आणि वीस वर्षांनी माफ होतो. तिकडे विसाव्या वर्षी पेन्शन, इकडे विसाव्या वर्षी दंड.

हे सगळं मी नानांना काउंटरवरूनच ऐकवलं. मागे रांग वाढत होती. नाना शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, बैल नांगराला जुंपला नाही म्हणून त्या दिवशी वैरण चुकते का?”

या वाक्याने माझी बी. कॉम.ची पदवी गडबडली. कारण आमची बँकही हेच करते. व्यापाऱ्याला दहा लाखांची मर्यादा मंजूर करायची आणि त्याने ती वापरली नाही, तरी काही खात्यांत तिचा आकार लावायचा. कमिटमेंट चार्ज म्हणतात त्याला. न वापरलेली ताकद फुकट नसते. ती तयार ठेवण्याची किंमत असते आणि ती कुणीतरी मोजतच असतं.

आणि नीट पाहिलं, तर ही पट्टी माणसांनाही आहे. ज्याला येतं त्याच्यावर पडतं. ज्या सुनेच्या पुरणपोळ्या चांगल्या होतात तिला सणाच्या दिवशी चुलीपुढून उठता येत नाही. ज्या भावाला नोकरी असते त्याच्याकडेच आईबापांचं आजारपण मुक्कामाला येतं. आमच्या शाखेत कॉम्प्युटर अडला की एका मुलीला जेवणाच्या डब्यावरून उठवतात. तिच्याच शेजारी एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळं येतं. पण “आपल्याला बुवा त्यातलं कळत नाही” ही पाचची पाटी त्यांनी लावली ती लावलीच. त्यांची खिडकी विटांनी बुजलेली आहे, आणि ते पाच वाजून दहा मिनिटांनी घरी असतात. अन्याय त्या मुलीवर होतो, यात शंका नाही. पण रात्री दोन वाजता कडी कुणाची वाजवावी, हे गावाला बरोबर ठाऊक असतं.

नानांनी दहा हजार भरले. नियमाला नावं ठेवत भरले, आणि ती ठेवायलाच हवीत. चुकीची पट्टी निमूटपणे भरणं हा काही सद्गुण नव्हे. पण मुलाने सुचवलेला मोडीचा रस्ता त्यांनी घेतला नाही. का, असं मी विचारलं नाही. रोहिण्या बरसून गेल्या होत्या आणि मृग तोंडावर होता.

माझ्यापुरता निष्कर्ष एवढाच. पट्टी कितीची, ते सरकार ठरवणार; त्याबद्दल आपण भांडत राहू. पाटी कितीची लावायची, ते मात्र आपल्या हातात असतं.