कोठार उघडे आहे



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा पंतांनी बादशहाचे कोठार लोकांना मोकळे केले. पुढे देवच विठू महार होऊन बेदरच्या दरबारी गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. कथा येथवर आली की आपले डोळे पाणावतात. पण एक प्रश्न आपण विचारीत नाही. कोठार उघडले खरे, पण जो भुकेला त्या दारापर्यंत चालत येऊ शकला नाही, त्याचे काय झाले? त्याला कोणी खांद्यावर घालून आणले का?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथाने शिकविला नाही. नंदुरबार जिल्ह्यातील एका रात्रीने शिकविला. ती हकीकत सांगताना आजही मान खाली जाते. पण संतांच्या दारात लाज कसली? सांगतो.

श्रावणाचे दिवस होते. सातपुड्याच्या कुशीतल्या एका लहान गावी सप्ताह होता. कीर्तन आटोपले, पाऊस कोसळत होता, म्हणून मंडळी देवळाच्या फरशीवरच आडवी झाली. मध्यरात्र उलटल्यावर बारा वर्षांचा एक मुलगा उठून बसला. टाळ मोठा गोड वाजवायचा पोरगा! म्हणाला, "पोटात दुखतंय." आम्हांस वाटले, पंगतीतले जेवण बाधले असेल. ओवा दिला. थोड्या वेळाने म्हणाला, "गिळता येत नाही, डोळे मिटतात." आम्ही म्हणालो, झोप आली असेल. कोणी सापाची शंका काढली. कंदील धरून हातपाय पाहिले; कोठे व्रण नाही, सूज नाही. मग आम्हीच सांगितले, "भोवती बसा आणि नाम घ्या." बसलो. घटका गेल्या.

कोणी गावच्या भगताला बोलावून आणले. आम्हांस ते रुचले नाही, खरे सांगतो. पण त्या म्हाताऱ्याने मुलाच्या पापण्या पाहिल्या आणि तो ताडकन म्हणाला, "महाराज, मण्यार चावली आहे. हे माझ्या हातचं काम नाही. झोळी बांधा, दवाखान्यात न्या!" बांबूला घोंगडी बांधली, चिखलातून डोंगर उतरलो, खाली सडकेवर जीप मिळाली. पहाटे दवाखान्याच्या पायरीवर पोराचा श्वास थांबला. डॉक्टरांनी शिकस्त केली. मग हळूच म्हणाले, "औषध इथेच होतं, महाराज. पैसाही लागत नव्हता. दोन तास आधी यायला हवं होतं."

मुलाची आई आम्हांस एक शब्द रागाचा बोलली नाही. एवढेच म्हणाली, "महाराज, नाम तर झोळी खांद्यावर घेऊनही घेता आलं असतं."

सज्जनहो, त्या माउलीच्या एका वाक्यापुढे आमची सगळी प्रवचने फिकी आहेत. आम्ही नामाला दवाखान्याच्या वाटेत आडवे घातले. नाम कधी आडवे येत नसते. आडवे आले ते आमचे अज्ञान. वारीत आपण बसून नाम घेतो काय? पाय चालत असतात आणि मुख गात असते. हाच तर वारकऱ्याचा धर्म!

आता हे औषध काय, ते समजून घ्या. आपल्या देशात ज्यांच्या दंशाने बहुतेक मृत्यू होतात असे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांचे विष थोडे थोडे घोड्याच्या अंगी टोचतात. घोड्याचे रक्त त्या विषाशी झगडणारे द्रव्य तयार करते. ते वेगळे काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या कामात फार जुने आहे. विष सापाचे, झीज घोड्याची आणि प्राण वाचतो माणसाचा! ही लस हातापायात टोचायची नव्हे, शिरेतून द्यावी लागते. सुरुवातीसच आठ-दहा कुप्या लागतात, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा. कोणाकोणाला तिची बाधाही होते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखतच द्यायची. घरी आणून ठेवायचे हे औषध नव्हे.

ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात सरकार विनामूल्य देते. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्व उपचारच मोफत केले आहेत. आमच्यातले काही म्हणतात, "फुकटचे ते कसले औषध!" अहो, ते फुकटचे नाही. आपण बाजारात जे जे विकत घेतो, त्यावरच्या कराचा पैसा त्यात आहे. दामाजीपंतांना जीव धोक्यात घालून जे करावे लागले, ते आज सरकारचे रोजचे काम झाले आहे.

आणि गरज किती मोठी आहे, पाहा. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58 हजार माणसे गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय योजना जाहीर केली. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा तिचा संकल्प आहे. पण संकल्प दिल्लीत होतो आणि साप चावतो धडगावच्या, अक्कलकुव्याच्या पाड्यावर! सरदार सरोवराच्या काठची काही गावे तर नावेवाचून गाठता येत नाहीत. तेथे कोठारापर्यंतची वाट माणसांनीच चालायची आहे.

दूरदेशीही हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा आहे. अफूच्या जातीच्या औषधांची किंवा गर्दची मात्रा जास्त झाली की माणसाचा श्वास मंदावतो आणि थांबतो. त्यावर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. वेळेवर मिळाला तर काही मिनिटांत श्वास परत येतो. तो नाकात फवारता येतो, शेजारचा माणूसही देऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने जुलै 2022 पासून तो देशभर लोकांना फुकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणेल, व्यसनी माणसासाठी एवढे कशाला? त्याची करणी, त्याने भोगावी!

असे म्हणणाऱ्याने नाथमहाराजांकडे पाहावे. रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. त्यांनी गाढवाचे पूर्वकर्म विचारले नाही. त्याच्या कानात उपदेशही केला नाही. आधी पाणी पाजले. प्राण राहिला तर उपदेशाला वेळ आहे. प्राणच गेला तर उपदेश कोणाला?

तेव्हा मंडळी, या पावसाळ्यात एवढे करा. साप चावल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही आणि दिसतही नाही. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाचे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, की उठा. रोग्याला धीर द्या, चालवू नका. अंगठी, कडे, जोडवी काढा. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका. 108 ला फोन करा. फोन लागत नसेल तर झोळी उचला. भगताशी भांडू नका. त्यालाच हात जोडून सांगा, "बाबा, तूही संगे चल." आमचा भगत तर आमच्याहून शहाणा निघाला!

आणि कीर्तनकार बंधूंना आमची विनंती. सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी, जवळचे आरोग्य केंद्र कोठे आणि वाहन कोणाचे, एवढे उभे राहून सांगत जा. दिंडीप्रमुखांनी मुक्कामाला पोहोचताच ही चौकशी करावी. मंडळींना जमिनीवर निजावे लागले तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोवून घ्यावी, आणि रात्री बाहेर जाताना हाती विजेरी असावी. याला मिनिटभरही लागत नाही.

खानदेशातून मुक्ताबाईची पालखी दरवर्षी पंढरीची केवढी लांब वाट चालते! त्या पालखीला खांदा मिळावा म्हणून आपण धडपडतो. मध्यरात्री, पावसात, चिखलात, एका मुलाची झोळी खांद्यावर येईल, तेव्हाही तशीच धडपड करा. तीही पांडुरंगाचीच पालखी आहे. कोठार उघडे आहे. चला, नाम घेत चला, पण चला!

रामकृष्णहरि.