नकाशा आणि मचाण

पनवेलजवळच्या नेरे गांवाच्या पाठीशीं माथेरानचा डोंगर आहे. अशा प्रदेशाचा सर्वेक्षण खात्याचा नकाशा उघडला, म्हणजे समोच्च रेषा कोठें दाटतात व कोठें विरळ होतात हें दिसतें. दाट रेषा म्हणजे कडा. दोन उंचवट्यांमधील विरळ जागा म्हणजे खिंड. भेकर श्रम वांचविण्यासाठीं बहुधा खिंडीनेंच उतरून पाण्यावर येतें. म्हणून जाणता शिकारी त्या वाटेवरच मचाण बांधी.

हें कौशल्य म्हणावें कीं कपट? वाघही पाणवठ्यावरच दबा धरतो, असें कोणी म्हणेल. परंतु वाघ भुकेनें बांधलेला असतो. नकाशा वाचणारास निवड असते. शेतकऱ्याची अडचण सावकारास ठाऊक असणें हा गुन्हा नव्हे. त्या अडचणीचा फांस करणें हा खचित अधर्म होय.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आवर घातला, व आज भेकर मारणें गुन्हा आहे. महाराष्ट्रांतील अनेक अरण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावरील मचाणावर आतां लोक बसतात, ते प्राणी मोजण्यासाठीं. दुसऱ्याची गरज ओळखण्याची विद्या तीच आहे. तेथें आपण कशासाठीं बसलों, याचा जाब मात्र, आमच्या मतें, विद्वानानें स्वतःसच विचारावयास हवा.