रंगाखालची भेग

पत्र्याच्या गाडीला ठोकर बसली की पत्रा दबतो. कारागीर आतून डॉली धरतो, बाहेरून हातोडी मारतो, आणि दबलेला भाग पुष्कळसा पूर्ववत होतो. फायबरग्लासचे तसे नाही. ते दबत नाही, फुटते. काचेचे तंतू एकदा तुटले की कोणतीही हातोडी त्यांना जोडू शकत नाही. नवे तंतू नव्या रेझिनमध्ये भिजवून जुन्यांवर बसवावे लागतात. मात्र हे काम न करताही ते केल्यासारखे दाखविणे फार सोपे आहे. गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात ती पुट्टी भेगेवर ओढावी, घासावी, वर रंग मारावा. नवख्या डोळ्यास काही दिसत नाही. ह्या सोपेपणात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो केवळ गाड्यांच्या शौकिनांचा नाही, म्हणून त्याविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

फायबरच्या अंगाच्या गाड्या आपल्याकडे थोड्या. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट ही खेळगाडी निघाली, तिच्या पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या तयार झाल्या. सबंध अंग फायबरग्लासचे, खाली पोलादी सांगाडा. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९५७ साली एलिट गाडीचा सांगाडाच फायबरचा करून दाखविला. भारतात बंगलोरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली डॉल्फिन आणली. ती खेळगाडी नव्हती, परंतु अंग फायबरचेच. पुढे १९९८ साली गोव्याहून सॅन स्टॉर्म आली: दोन आसनांची, उघड्या टपाची, रेनॉच्या इंजिनाची लहानशी खेळगाडी. आपल्या अलिबागेतही चिंकारा मोटर्सने फायबरच्या रोडस्टर बनविल्या. सॅन स्टॉर्म आता बनत नाही. साहजिकच ज्याच्यापाशी ती आहे त्याला बंपर फुटला म्हणून बाजारातून दुसरा बंपर आणता येत नाही. जे फुटले ते घरीच उभे करावे लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या गृहस्थांनी हे केले. आयटीआयमधून ते निवृत्त झाले, आणि आयुष्यभर मुलांना जोडकाम शिकविल्यावर स्वतःसाठी काही जोडावे अशी त्यांना इच्छा झाली. गाव त्यांना सर म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांनी कोण्या एका गृहस्थाकडून जुनी सॅन स्टॉर्म घेतली आणि अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये उभी केली. कापसाच्या ह्या जिल्ह्यात, जेथे सोसायटीचे कर्ज फेडताना शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो, तेथे असला शौक शोभतो काय, असे काहींनी विचारले. आमच्या मते माणसाने निवृत्तीच्या पैशातून, कोणाचे देणे न बुडविता, दोन वर्षे हातांनी काम करावे ह्यात वावगे काही नाही. तो प्रश्न आम्ही येथेच सोडतो.

गाडी बाहेरून नवीकोरी दिसत होती. सरांना फक्त रंग बदलायचा होता. फायबरवरचा रंग काढताना पत्र्यावर वापरतात ते रंग उतरविण्याचे रसायन चालत नाही, कारण ते रेझिनलाही खाते; म्हणून पॉलिश पेपर घेऊन हाताने घासणे आले. डाव्या मडगार्डाशी घासता घासता रंगाखालून गुलाबी लांबी निघू लागली, ती संपेचना. बोटभर जाडीचा थर निघाल्यावर खाली आरपार गेलेली भेग दिसली. सरांनी एक नाणे घेऊन सगळे अंग ठोकून पाहिले. धड फायबरचा आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी तो बद्द येतो. पुढच्या अंगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा बद्द वाजला. गाडी पूर्वी कोठेतरी जोरात आदळलेली होती, आणि हे विकणाऱ्यास माहीत असल्याखेरीज एवढी लांबी तेथे बसली नसती.

मग खरे काम सुरू झाले. भेग नुसती भरून चालत नाही. तिच्या दोन्ही कडा ग्राइंडरने उतरत्या कराव्या लागतात, आणि हा उतार फायबरच्या जाडीच्या दहा-बारा पट रुंद हवा, म्हणजे चार मिलिमीटर जाडीला जवळजवळ पाच सेंटिमीटर. जोडणारा पहिल्याने धड दिसणारा भागच मोठ्या प्रमाणात खरवडून काढतो. पाहणाऱ्यास वाटते की हा माणूस गाडी दुरुस्त करीत नसून मोडीत आहे. मग काचेच्या मॅटचे लहानमोठे तुकडे कापून रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचे, रोलरने त्यांतली हवा काढायची, आणि शक्य तेथे आतल्या बाजूनेही थर द्यायचे. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट ढवळावे लागते आणि त्यानंतर हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडतो. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा भांड्यातले रेझिन हाताशी येण्याआधीच दगड होते. म्हणून सर पहाटे उजाडताच कामास बसत आणि आठ वाजता हात धूत. काचेची धूळ अंगात खुपते, रेझिनच्या वाफेने डोके चढते. ते तोंडाला मास्क बांधल्याशिवाय शेडमध्ये पाऊल ठेवीत नसत. ज्या जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करता करता विषबाधेने माणसे दगावली, तेथे श्वासाबरोबर काय आत जाते हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही.

लांबी अखेरीस त्यांनीही लावली. हे मुद्दाम सांगतो, कारण लांबी म्हणजे लबाडी असा समज होऊ नये. खालचे अंग धड झाल्यावर राहिलेली उंचसखल भरून काढण्यासाठी ती पातळ हाताने लावणे हे कारागिरीचेच अंग आहे. पुढे प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा, आणि मग ठोकळ्यावर पेपर लावून घासणे. उंच जागेवरचा काळा रंग निघतो, खोल जागी तो राहतो, आणि हाताला न कळलेला खळगा डोळ्यास दिसतो.

गाडी तयार झाली तेव्हा सरांची धाकटी मुलगी नर्सिंगला लागली. फी मोठी होती. गाडी विकायचे ठरले, नागपूरचे एक गिऱ्हाईक पाहून गेले, त्यांना ती पसंत पडली. तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला, आणि सर तो घेऊन आमच्याकडे आले. “फादर, सौ. म्हणते विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर आपण होऊन कशाला सांगता? मी तर काम चोख केलं आहे. मग सांगायचं काय?”

सरांच्या पत्नीचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने निराधार नव्हते. १८७२ चा भारतीय करार कायदा वाचणाऱ्यास त्याच्या १७ व्या कलमात एक घोडा भेटतो. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्यास ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प राहणे म्हणजे फसविणे नव्हे. परंतु कायदा तेथेच थांबत नाही. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धड समजेन, तर त्यावर गप्प बसणे हे बोलण्यासारखेच धरले जाते.

ह्या कायद्याच्या सहाशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’त हाच प्रश्न हाताळला, आणि तेथेही घोडा आहे. एका डोळ्याने आंधळा घोडा विकताना ती खोट सांगण्याचे बंधन नाही, कारण ती सर्वांस दिसते, मात्र किंमत त्या मानाने कमी असली पाहिजे. पण खोट लपलेली असेल आणि तिच्यामुळे घेणाऱ्यास नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, त्याने विचारले असो वा नसो. लंगडा घोडा धावरा म्हणून आणि डगमगते घर मजबूत म्हणून विकणे त्यांच्या लेखी सारखेच.

ह्या दोन घोड्यांमधला फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कायदा विचारतो, घेणारा तुझा कोण? मुलगी असेल तर बोल, परका असेल तर तुझे मौन माफ. थॉमस विचारतात, घेणाऱ्याला दिसत नाही असे तुला काय दिसले आहे? कायद्याला बाजार चालवायचा आहे, म्हणून त्याने रेषा जेथे ओढली तेथे ओढली. त्यास आम्ही दोष देत नाही. तथापि ज्या माणसाने शेजाऱ्यास आपल्यासारखे मानण्याचे व्रत घेतले आहे, त्याला नागपूरच्या गिऱ्हाइकापुरते ‘ही माझी मुलगी नव्हे’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

सरांचा पेच मात्र ह्याहून नाजूक होता. भेग तर त्यांनी जोडली होती. जोडलेली जागा पूर्वीइतकी किंवा अधिकही मजबूत असेल. मग खोट उरलीच कोठे? खोट नाही तर सांगण्याचे बंधनही नाही, असा युक्तिवाद थॉमसच्याच आधाराने करता येईल, आणि काटेकोर न्यायाच्या भाषेत तो टिकेलही. आम्हांस तो पुरेसा वाटला नाही. पहिले कारण असे की काम चोख झाले आहे हे ठरविणारा कोण? ज्याने केले तोच, आणि ज्याला फी भरायची आहे तोही तोच. घरी केलेल्या कामावर तपासनीस नसतो, शिक्का नसतो. दुसरे कारण कारागिरीचे आहे. उद्या गाडी पुन्हा आपटली तर जोडणाऱ्यास जुना जोड कोठून कोठवर आहे हे ठाऊक असले पाहिजे, नाही तर तो आपला उतार भलत्याच जागी काढील. गाडीविषयीची ही माहिती गाडीबरोबरच गेली पाहिजे.

आम्ही सरांना सांगा असे म्हटले. त्यांचे उत्तर ऐकून आम्हांस बरे वाटले: बॉनेटखाली मडगार्डाच्या आतल्या अंगाला त्यांनी मुळातच रंग मारलेला नव्हता. नव्या मॅटचे तंतू तेथे उघडे दिसत होते. गिऱ्हाईक आले तेव्हा सरांनी बॉनेट उघडून, टॉर्च धरून ते दाखविले, कामाच्या वेळी काढलेले फोटोही दिले. गिऱ्हाइकाने किंमत कमी करून मागितली. सर थोडे उतरले, सगळे उतरले नाहीत. दोन वर्षांच्या पहाटांचेही काही मोल होते, आणि ते मागण्यात अन्याय नव्हता. फीचा पहिला हप्ता भागला, दुसऱ्यासाठी सोसायटीकडे जावे लागले.

ह्याहून अवघड जागा दुसऱ्याची आहे. आपल्या पॅरिशमधली कितीतरी मुले डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात रोजावर आहेत. मालक म्हणतो, गाडी विकायची आहे, वरवर लांबी मारून दे. पोराने काय करावे? पापातील सहकार्याचे दोन प्रकार नीतिशास्त्र सांगते: दुसऱ्याच्या वाईट हेतूत सामील होऊन केलेली मदत, आणि हेतू न स्वीकारता केवळ आपल्या कामापुरता लागलेला हात. अठराव्या शतकात संत आल्फोन्स लिगोरी ह्यांनी हा भेद नीट मांडला. पहिली मदत कधीच क्षम्य नाही. दुसरी गंभीर कारण असल्यास क्षम्य ठरू शकते, आणि घरची चूल हे गंभीर कारण आहे. लांबी मारणे हे स्वतः खोटे नव्हे, गाडी विकताना बोलले जाईल ते खोटे. म्हणून त्या पोरास रोज सोडून घरी बस असे सांगण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही. परंतु गिऱ्हाइकाने त्यालाच समोर उभे करून, ही जागा कधी फुटली होती का, असे विचारले, तर तेथे ‘मला माहीत नाही’ म्हणण्याची सूट आम्हांस कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. असा एक मुलगा आमच्या माहितीत आहे. लांबी मारण्याआधी तो भेगेचा मोबाइलवर फोटो काढतो आणि मालकाला पाठवितो. मालकाने एकदा विचारले, हे कशाला? तो म्हणाला, “तुमच्याजवळ असू द्या साहेब. कोणी विचारलं तर दाखवायला होते.”