चित्रकार ‘नाही’ म्हणतो तेव्हा

नारायण धारपांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने पुण्यात भयकथेवर बरंच बोललं गेलं. त्यातल्या एका चर्चेत एका ज्येष्ठ समीक्षकांनी ठणकावून सांगितलं की, अद्भुत हे शब्दाचं राज्य आहे. तिथे चित्राने पाऊल टाकलं की भूत मेलं. वाचकाने आपलं भूत आपण रचायचं असतं, चित्रकार ते आयतं देतो आणि वाचकाला आळशी करतो. टाळ्या झाल्या. मग एक प्रकाशक उठले आणि म्हणाले, चित्राचा प्रश्न आता तसाही उरलेला नाही. यंत्राला चार ओळी सांगितल्या की दोन मिनिटांत मुखपृष्ठ हातात पडतं, मानधनाची कटकट नाही. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. पहिल्यांना चित्र नको होतं, दुसऱ्यांना चित्रकार नको होता, आणि सभागृहाला एकाच संध्याकाळी दोन्ही पटलं. म्हणून हा लेख. सौजन्य राखायचा प्रयत्न करीन. हमी देत नाही.

धारप जन्मले २७ ऑगस्ट १९२५ रोजी. त्याच्या महिनाभर आधी, २९ जुलैला, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी व्यंगचित्रकार शि. द. फडणीस जन्मले आणि पुढे पुण्याचेच झाले. म्हणजे एकाच पावसाळ्यातली ही दोन माणसं. एकाने शब्दांनी न दिसणारं दाखवलं. दुसऱ्याने चित्राखालचा शब्दच काढून टाकला. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरचं ते बसथांब्यावरचं जोडपं आठवा, एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. याला आपण विनोद म्हणतो आणि पुढे जातो, पण कापडावरच्या नक्षीत जीव येणं ही मूळची अद्भुताची करामत आहे. पुणं तेव्हा केवढं, मासिकं किती! अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ या तीन मासिकांत विनोद, चित्र आणि गूढकथा एका घरात नांदत होत्या. तरी अद्भुत लिहिणारा आणि अद्भुत रेखाटणारा एका टेबलाशी बसले, भांडले आणि त्यातून एक पुस्तक झालं, असं मराठी उदाहरण सांगा म्हटलं तर चटकन तोंडावर येत नाही. आपल्याकडे कलावंतांची कमतरता नव्हती. टेबल नव्हतं.

समीक्षकांनी अर्थातच मर्ढेकरांचा हवाला दिला. मर्ढेकरांचं नाव घेतलं की मराठी सभागृहात माना आपोआप डोलतात, पुढचं कुणी ऐकत नाही. मला मात्र हा मुद्दा सोडवत नाही, कारण मर्ढेकर हे माझंही जुनं व्यसन आहे.

त्यांचा आग्रह सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक कलेला आपलं माध्यम असतं. चित्राचं माध्यम रंग आणि रेषा, साहित्याचं माध्यम शब्दांचा नाद नव्हे तर त्यांचा भावनात्मक अर्थ. सौंदर्य जन्मतं ते त्या माध्यमातल्या घटकांच्या लयबद्ध रचनेतून. आता या चौकटीत सचित्र कथा बसवून पाहा. तिथे दोन माध्यमं आहेत, म्हणजे दोन लयी असणार. मग ती एक कलाकृती कशी? हा आक्षेप फालतू नाही. चित्रकथेच्या प्रेमात पडलेले लोक त्याला ‘पण मजा येते ना’ एवढंच उत्तर देतात, आणि ते उत्तर नव्हे.

पण मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले होते: संवाद, विरोध आणि समतोल. आमचे समीक्षक पहिल्यापाशीच थांबतात. चित्राने कथेशी संवाद साधला, म्हणजे कथेत आहे तेच काढलं, तर ते अनावश्यक. नाही साधला तर ते चुकीचं. दोन्हीकडून चित्राला फाशी. विरोधाचं काय? मर्ढेकरांनी हे नियम एकाच कृतीच्या आतल्या घटकांसाठी सांगितले, दोन माणसांच्या भांडणासाठी नव्हे, हे मला मान्य आहे. मी ते ताणतो आहे. तरी ताणून पाहावेत असे ते आहेत. चित्रकथेतला खरा घटक चित्रही नसतो आणि फुग्यातला शब्दही नसतो. दोन चौकटींच्या मधली जी कोरी पट्टी असते, तिथे वाचक काम करतो. पहिल्या चौकटीत दाराच्या कडीवर हात. दुसऱ्या चौकटीत रिकामी खोली, कंदील पडलेला. मधे काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही, कुणी काढलेलंही नाही. ते भूत वाचकानेच रचलं. मग चित्राने वाचकाला आळशी कसं केलं? शब्द आणि रेषा दोघंही मुद्दाम अपुरे राहतात आणि त्या अपुरेपणावर एकच लय उभी राहते. मर्ढेकरांना हे पटलं असतं असा दावा मी करत नाही. पण माध्यमशुद्धीचा हा महर्षी आकाशवाणीवर नोकरी करत होता आणि ‘कर्ण’सारख्या संगीतिका लिहीत होता. संगीतिकेत शब्दाला सुराशी जागा वाटून घ्यावी लागते, हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं असं वाटत नाही.

बाकी ही गोष्ट आपल्याकडे मर्ढेकरांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी मांडीवर घेऊन एकेक पान उलगडत रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी लोकांना ते नाव कळलं. पैठण शैलीची अशी चित्रं पाहायला पुणेकरांना कोकणात जायचीही गरज नाही, बाजीराव रस्त्यालगतच्या केळकर संग्रहालयात ती आहेत. चित्रकथींच्या खेळात चित्र तेच राहतं आणि सांगणारा बदलतो. राक्षस कागदावर दिसतो म्हणून ऐकणाऱ्याचं भय कमी झालं, अशी तक्रार कोकणात कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि ‘चांदोबा’? माझ्या पिढीच्या मराठी मुलांना दोन वेताळ होते. एक इंद्रजाल कॉमिक्समधला, चट्टेरी चड्डीवाला, मूळचा ली फॉकचा. दुसरा विक्रमाच्या खांद्यावरचा, शंकर या चित्रकाराचा. हा दुसरा वेताळ शब्दांतून आला होता, पण आज कुणालाही डोळे मिटून विचारा, त्याला शंकर यांचंच चित्र दिसेल: तलवार हातात, प्रेत खांद्यावर, झाडांच्या फांद्या अंगावर येणाऱ्या. शंकर २०२० मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गेले तेव्हा मराठीतही हळहळ झाली. पण त्याच मासिकात वर्षानुवर्षं चालणाऱ्या, मांत्रिकांच्या आणि पाताळातल्या किल्ल्यांच्या त्या अद्भुत मालिका कुणी लिहिल्या? दासरी सुब्रह्मण्यम् नावाच्या तेलुगू लेखकाने. त्यांचं नाव त्या मालिकांवर छापलं जात नव्हतं. चित्रांखाली मात्र ‘चित्रा’ अशी सही असायची, ती टी. व्ही. राघवन यांची. एरवी चित्रकाराचं नाव गाळण्यात आपण पटाईत, इथे लेखकच गायब! चित्रकारांची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्याला हे उदाहरण गैरसोयीचं आहे, म्हणूनच नोंदवतो. जोडीतला एक अदृश्य झाला की जोडीची मेहनत मालकाच्या खात्यावर जमा होते, मग तो कुठला का असेना.

आता पुण्याकडे. प्रताप मुळीक पुण्याचे. अमर चित्र कथेतून आपण त्यांचे देवादिक आणि राजेरजवाडे पाहिले. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ काढला, परशुराम शर्मांनी लिहिला, आणि त्या सर्पमानवाचं सुरुवातीच्या वर्षांतलं रूप मुळीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून घडलं. गंमत अशी की नागराजला दुष्ट शास्त्रज्ञाच्या तावडीतून सोडवतात ते बाबा गोरखनाथ. मालू कवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ घरोघरी वाचणाऱ्या प्रांताला गोरखनाथ हिंदी कॉमिकमधून परत भेटले, तेही पुण्यातल्या कुंचल्यातून. आणि त्याच शहरात धारप ‘समर्थ’ लिहीत होते: मंत्र, साधना, दुष्ट शक्तींशी सामना, पुढे चालत राहणारा नायक, चित्रकथेला लागतं ते सगळं. समर्थांना मुळीकांसारखा हात मिळता तर? पण आपला प्रकाशक वाचनालयाकडे पाहत होता. कॉमिक म्हणजे पोरखेळ आणि भयकथा म्हणजे प्रवासातला वेळ घालवणं, अशी दुहेरी तुच्छता आपण जपली. चित्रकथेच्या बाबतीत पुण्याला लेखक-चित्रकार जोडी चालवता येते, हे पुढे प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांनी ‘चिंटू’तून दाखवलं, १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आणि दोघांच्या नावाने. चिंटूच्या वाड्यात मात्र भूत शिरलं नाही.

इथवर मी जोडीचे गोडवे गातो आहे असं वाटेल. पण जुनी उदाहरणं उलगडून पाहिली की गोडवा फारसा सापडत नाही. लुईस कॅरोल आणि जॉन टेनिएल यांचंच घ्या. १८६५ मध्ये ॲलिसचं पहिलं पुस्तक छापून झालं, दोन हजार प्रती तयार झाल्या, आणि टेनिएलने सांगितलं की चित्रं नीट उठलेली नाहीत. कॅरोलने प्रती मागे घेतल्या. खर्चाचा भार त्याच्यावरच होता. ॲलिसच्या दुसऱ्या भागात तर टेनिएलने एका अख्ख्या प्रकरणालाच हात लावायचं नाकारलं. त्यात केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी होती. १८७० मधल्या पत्रात त्याने कळवलं की या प्रकरणात आपल्याला रस वाटत नाही आणि त्याचं चित्र कसं व्हावं हे दिसत नाही. कॅरोलने प्रकरण गाळलं. त्याची जुळणी झालेली मुद्रितं थेट १९७४ मध्ये लिलावात उगवली. कल्पना करा, एखादा मराठी चित्रकार आमच्या एखाद्या ज्येष्ठ कथाकाराला कळवतो आहे की, तुमचं आठवं प्रकरण जमलेलं नाही!

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. स्टॅन ली जॅक कर्बीला तोंडी कथानक सांगायचा, कर्बी पानं काढायचा, मग ली त्यात संवाद भरायचा. १९६६ मध्ये ‘फँटास्टिक फोर’च्या अठ्ठेचाळिसाव्या अंकासाठी ग्रह गिळणारा गॅलॅक्टस ठरला होता. पानं आली तेव्हा त्यात उडत्या फळीवर उभा असलेला एक चंदेरी माणूस होता, जो लीने सांगितलेलाच नव्हता. कर्बीचं म्हणणं, एवढ्या बलाढ्य शक्तीला एखादा दूत असायला हवा. तोच पुढे सिल्व्हर सर्फर. श्रेय कुणाचं यावरून दोघांत पुढे कायमचं वितुष्ट आलं आणि १९७० मध्ये कर्बीने मार्व्हल सोडलं. टेनिएलने नकार दिला, कर्बीने न विचारता भर घातली. दोघांनीही लेखकाचं ऐकलं नाही, आणि पुस्तकं त्यामुळे सुधारली.

त्यामुळे समीक्षकांचं निम्मं म्हणणं मला मान्य करावं लागतं. त्यांनी दिवाळी अंकांत जी भुतं पाहिली आहेत ती खरोखरच मेलेली आहेत. कथेच्या माथ्यावर हडळीचा पूर्ण चेहरा, केस मोकळे, डोळे लाल. शेवटच्या परिच्छेदातलं रहस्य पहिल्या पानावर फुटलेलं. चित्राचा हा असा आज्ञाधारकपणाच कथेला मारतो. याला सहकार्य म्हणणं चूक आहे, ही हुकूमबरदारी झाली. कारणही साधं आहे: चित्रकाराला पूर्ण कथा मिळतच नाही. संपादकांचा फोन येतो, दोन वाक्यांत आशय सांगितला जातो, परवापर्यंत हवं असतं. नकार द्यायला आधी कथा वाचावी लागते.

‘तुंबाड’ने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. राही अनिल बर्वे यांनी चित्रीकरणाआधी सुमारे सातशे पानांचा चित्रफलक केला होता. म्हणजे पडद्यावर येण्याआधी तो सिनेमा चित्रकथाच होता. त्याच्या मुळाशी धारपांची ‘आजी’ आहे, आणि तिच्या मुळाशी स्टीफन किंग. भूत पूर्ण दाखवूनही मेलं नाही, उलट २०१८ चा हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. त्यातला राक्षस हस्तर दिसतो, पण त्याला पाहायला देवीच्या गर्भात उतरावं लागतं, आणि तिथली भिंत, ती लाली, ती ओल आधी आपल्या अंगावर येते. धारपांच्या शब्दांत हे गर्भगृह नव्हतं. धारप वाचून कुणीतरी त्यांच्याशी असहमत झालं तेव्हा ते घडलं.

आता ते प्रकाशक. त्यांचं यंत्र मीही पाहिलं आहे. मार्च २०२५ मध्ये अर्ध्या महाराष्ट्राने आपल्या लग्नाचे फोटो जपानी घिबली थाटात करून घेतले तेव्हा कुणी पाहिलं नाही? ते चित्र वाईटच निघतं असं मी म्हणणार नाही; पुष्कळदा आमच्या घाईतल्या चित्रांपेक्षा बरं निघतं. पण ते यंत्र तुमची गांधीलमाशी बिनतक्रार काढून देईल, टोपासकट, सहा वेगवेगळ्या रंगांत. आठवं प्रकरण जमलेलं नाही हे ते आपण होऊन सांगणार नाही. प्रकाशकांना नेमकं हेच आवडलं आहे, हे मला कळतं. लेखकांना ते का आवडावं, हे कळत नाही.

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चित्र हे या अंकांचं अंग आहे. संपादकांना माझं मागणं फार नाही. अद्भुतकथा आषाढातच चित्रकाराच्या हाती पूर्ण द्या. त्याला लेखकाचा फोन नंबर द्या. त्याने कथा परत पाठवली तर रागावू नका, लेखकाला दाखवा. मानधन लेखकाच्या बरोबरीने द्या, आणि नाव अनुक्रमणिकेत कथेच्या ओळीतच छापा, श्रेयनामावलीच्या मुंगीअक्षरांत नको.

वाचकांनी एवढंच करावं: हातातल्या अंकाची अनुक्रमणिका उघडून पाहावी आणि चित्रकारांची नावं सापडली नाहीत तर संपादकांना कळवावं. या लेखावरही चित्र असणार आहे. ते कोण काढणार आहे, हे मला अजून सांगण्यात आलेलं नाही.