गल्लीचा ताळेबंद

जुना बंगला पाडून दहा-बारा फ्लॅटची इमारत उभी राहू लागली की शेजाऱ्यांचा वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू धूळ, ब्रेकरचा आवाज, अवेळी येणारे डंपर आणि कंपाउंडच्या भिंतीला गेलेला तडा यांबद्दल बोलते. दुसरी म्हणते, दोन वर्षं कळ काढा, मग सगळं शांत होईल. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा पुण्याच्या जुन्या वसाहतींत हा संवाद इतका सरावाचा झाला आहे, की दोन्ही बाजूंचं गृहीत एकच आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. परिणाम म्हणजे बांधकाम चालू असतानाचा त्रास, हे ते गृहीत. मला ते उथळ वाटतं. त्रास वेगळा आणि भार वेगळा. त्रास संपतो, भार राहतो. त्रासाला निदान नियम आहेत: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही आवाजाची मर्यादा 2000 सालापासून कागदावर आहे, राडारोड्याच्या विल्हेवाटीचेही नियम आहेत. ते पाळले जात नाहीत ही तक्रार रास्तच, पण ती अंमलबजावणीची आहे. भार मात्र मोजलाच जात नाही.

यावरचं नेहमीचं उत्तर असं, की एवढ्याशा इमारतीने काय होणार आहे? हे उत्तर साधं दिसतं म्हणूनच घातक आहे, कारण आपले कायदेही त्याच समजुतीवर उभे आहेत. 2006 च्या अधिसूचनेनुसार इमारतीला पर्यावरण मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे. रेरा हा स्थावर मालमत्तेचा कायदा मुळात ग्राहकासाठी. त्यातही 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही. सोसायटीच्या पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती लागते, पण शेजारी हा सभासद नसतो. लहान इमारत अशी प्रत्येक चाळणीतून खाली पडते. आता साधा गुणाकार करू. बंगल्यात पाच माणसं धरली आणि माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रचलित मान घेतलं, तर 675 लिटर पाणी लागतं. तिथे बारा फ्लॅटमध्ये 48 माणसं आली की 6,480 लिटर. एका इमारतीपुरतं हे खपून जाईल. त्याच गल्लीत असे दहा प्लॉट झाले की रोजची गरज 6,750 वरून 64,800 लिटरवर जाते. त्यातलं बरंचसं पाणी सांडपाणी होऊन जुन्या ड्रेनेजमध्ये उतरतं, बागेच्या मातीत मुरणारं पावसाचं पाणी पेव्हर ब्लॉकवरून रस्त्यावर येतं, आणि पार्किंगमध्ये न मावलेल्या गाड्या गल्लीत लागतात. या दहांपैकी प्रत्येक इमारत ‘एवढीशी’च असते.

नियमांत रस्त्याची रुंदी विचारात घेतली आहेच की, असं कुणी म्हणेल. आक्षेप महत्त्वाचा आहे, पण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियमावलीच्या तक्त्यात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) 1.10 आहे, रस्ता नऊ मीटरचा झाला की प्रीमियम (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (विकत घेतलेला विकासहक्क) धरून तो 2.00 पर्यंत जातो. म्हणजे रस्ता किती भार पेलतो यावर बांधकाम ठरावं, हे तत्त्व सरकारने मान्य केलं आहे. मग चूक कुठे आहे? तोच नऊ मीटर रस्ता प्रत्येक प्लॉटपुढे जणू त्या एकट्यासाठी असल्यासारखा मोजला जातो. पहिल्या अर्जदाराला मिळालेली रुंदी विसाव्यालाही तेवढीच शिल्लक दाखवली जाते. प्रीमियमचा पैसा सरकारदरबारी जमा होतो. गल्लीतली पाण्याची लाइन मात्र आपोआप मोठी होत नाही.

जुन्या बंगल्यांच्या आठवणींवर धोरण उभं राहू शकत नाही, त्यामुळे ‘काहीच बांधू नका’ ही भूमिका बाजूला ठेवतो. तरुण कुटुंबांना शहरात घर हवं, ही मागणी न्याय्य आहे. कदाचित नदीपलीकडच्या डोंगरउतारावर नवं नगर वसवण्यापेक्षा जुन्या वसाहतीत दाटी वाढणं अधिक शहाणपणाचंही असेल. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची वेळ नव्या रहिवाशावरही येते. भार मोजा ही मागणी त्याच्याही बाजूची आहे.

म्हणून प्रत्येक गल्लीचा ताळेबंद हवा. गेल्या दहा वर्षांत त्या गल्लीत किती सदनिका मंजूर झाल्या, जलवाहिनी आणि ड्रेनेजची क्षमता किती, त्यातली किती उरली, हे आकडे महापालिकेने प्रभाग कार्यालयात लावावेत, आणि पुढची परवानगी उरलेल्या क्षमतेवर द्यावी. क्षमता संपली असेल तर तिथला प्रीमियम आधी तिथेच खर्च व्हावा. यासाठी लागणारी माहिती महापालिकेच्याच बांधकाम, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यांच्या कामकाजातली आहे. ती एका कागदावर आणायची आहे. शेजाऱ्यांनी धुळीची तक्रार जरूर करावी. पण त्याच अर्जात हा कागदही मागावा.